एकोणिसावा चिखल

डेल्फी टेस्टरला माणसं गुडघ्याखालून कळायची. विकनहर्स्ट गावातल्या निम्म्या घरांचे कपडे तिच्याकडे धुवायला येत. सोमवारी सकाळी गाठोडं सोडलं, की आठवडाभर कोण कुठे हिंडलं हे ती विजारीच्या काठावरून ओळखे. जॉर्ज विकन्स दर बुधवारी चर्चच्या सभेला जातो असं त्याची बायको सगळ्यांना अभिमानाने सांगायची. पण त्याच्या विजारीला लागलेला गाळ निळसर असे, लोण्यासारखा मऊ आणि माशांचा वास मारणारा. तसला गाळ भरतीच्या पाण्याबरोबर नदीकाठी येतो. चर्चच्या वाटेवर तो औषधालाही सापडायचा नाही. जॉर्ज वाम मासे धरायला जातो हे डेल्फीला अकरा वर्षं ठाऊक होतं. तिने चकार शब्द काढला नाही. "धुतलं की गेलं," एवढंच ती म्हणायची.

तिचं खरं नाव फिलाडेल्फिया. अमेरिकेतल्या शहराशी त्याचा काही संबंध नव्हता. इंग्लंडातल्या ससेक्सच्या त्या भागात पोरींना हे नाव पणजीपासून चालत आलेलं असे, आणि कुणाला ते पुरतं उच्चारायची सवड नसे. नवरा पहिल्या महायुद्धातून परत आला, पण छातीत खोकला घेऊन आला आणि सहा वर्षांत गेला. तेव्हापासून परसातला तांब्याचा हंडा, लाकडी पीप आणि कपडे पिळायचं दोन रुळांचं यंत्र, यांवर तिने घर चालवलं होतं.

नदीच्या त्या निळ्या गाळाला डेल्फी 'स्लीच' म्हणायची. फाटकापाशी गुरांच्या खुरांनी तुडवून जो राडा होतो तो 'स्टोच'. बुटाला धरली की बूटच काढून घेणारी पिवळी चिवट माती म्हणजे 'पग'. घट्ट रेंदा असेल तर 'स्लब', खिरीसारखा दाट असेल तर 'स्टॉज', आणि नाक धरायला लावणारा चिकट गाळ 'गॉम'. हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. आई त्याच पिपाशी उभी राहून बोलायची, ते कानावर पडलेलं. आणि त्यांची गरजही होती. पग वाळू द्यायचा, मग ब्रशने झटकायचा. ओला धुतलात तर कापडात कायमचा बसला. गॉम मात्र एक दिवसही थांबू द्यायचा नाही. सगळ्याला नुसतं चिखल म्हणून कसं चालेल?

शाळेत मात्र तेच चालायचं. आठ वर्षांची असताना "बाई, अंगणात स्टोच झालाय" असं ती म्हणाली, तर मास्तरीणबाईंनी हातावर पट्टी मारून सांगितलं, "चिखलाला इंग्रजीत एक शब्द आहे. मड. म्हण." डेल्फीने म्हटलं. मुलगी रूबी मोठी झाल्यावर तीही तेच सांगू लागली. रूबी पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखी स्वच्छ बोलायची.

"आई, कुणासमोर तरी नीट बोलत जा गं. लोक हसतात."

"हसू देत. त्यांच्या विजारी कुठे कुठे जाऊन येतात ते मला माहीत आहे."

१९५३च्या मार्चमधली गोष्ट. डेल्फी चौसष्ट वर्षांची होती. गुरुवारी दुपारी ती इस्त्री करत बसली होती, तेवढ्यात शेजारचा एमस होड दार न ठोठावताच आत आला. एमसने चाळीस वर्षं गावची सडक राखली होती: खड्डे बुजवायचे, चर उपसायचे, कुंपणं छाटायची. आता तो निवृत्त होता आणि दिवसभर लोकांना टोमणे मारायचा. त्याच्यामागे एक लांबोडका तरुण उभा होता. चष्मा, काखेत जाड वही, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"डेल्फे," एमस म्हणाला, "या साहेबांना दात असलेलं माणूस हवंय."

"काय हवंय?"

"दात. हे उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठातून आलेत, आपण कसं बोलतो ते लिहून घ्यायला. माझ्याकडे आले होते. पण माझ्या तोंडात एकच दात, आणि तोही कुणाशी बोलत नाही. म्हटलं, डेल्फीचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. जीभ तर दोन माणसांची आहे."

तरुणाचा चेहरा लालबुंद झाला. "मी ऑर्मरॉड. मिसेस टेस्टर, तुम्हाला त्रास होणार नसेल तर... उच्चार नीट ऐकू यायला दात असलेले बरे असतात, एवढंच."

डेल्फीने इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याच्या पायांकडे निरखून पाहिलं. "तुम्ही बसमधून उतरून ओढ्याकडच्या आडवाटेने आलात. मधे ओकच्या झाडापाशी घसरलात. डाव्या गुडघ्यावर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाली स्टोच आहे, तो फाटकाचा. त्यावर पग, म्हणजे टेकाड. आणि गुडघ्याला स्लब. स्लब फक्त त्या ओकखाली असतो."

ऑर्मरॉड दारातच उभा राहिला, वही उघडली आणि म्हणाला, "पुन्हा म्हणा. हळू म्हणा. कृपा करून पुन्हा म्हणा."

तीन दिवस तो दुपारचा यायचा. डेल्फी मनुका घातलेले जाडजूड केक भाजायची आणि चहा ठेवायची. तो विचारायचा आणि ती सांगायची. तो शब्द लिहून घ्यायचा, पण अक्षरांत नाही, तर कसल्याशा उलट्यासुलट्या खुणांत. मग त्या खुणा वाचून शब्द जसाच्या तसा तिच्याच आवाजात परत म्हणायचा. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटाच आला. आपली आई बोलतेय असं वाटलं, आणि समोर बघावं तर चष्मेवाला पोरगा.

"या 'स्ल'ची गंमत बघा," तो म्हणाला. "स्लीच, स्लब, स्लॉब. हा आवाज काढताना जीभ कशी घसरते ते लक्षात आलं का?"

डेल्फीने म्हणून पाहिलं. खरंच, जीभ टाळूवरून घसरत होती. मग तिने 'पग' म्हटलं. ओठ चिकटले आणि फट्‌कन सुटले, बूट मातीतून उपटावा तसे. 'स्टोच' म्हणताना आधी टाच रुतल्यासारखी वाटायची, मग पाणी चिरडल्यासारखं. चौसष्ट वर्षं हे शब्द तिच्या तोंडात होते, पण त्यांची चव अशी तिने कधी घेतली नव्हती. ऑर्मरॉड गेल्यावरही ती पिपाशी उभी राहून पुटपुटत राहायची, आणि रूबी दारातून म्हणायची, "आता एकटीच बोलायला लागलीस?"

तिसऱ्या दिवशी ऑर्मरॉडने चिखलाचे शब्द मोजले. "अठरा! मिसेस टेस्टर, शेजारच्या गावात मला सातच मिळाले. अठरा!" त्याचे डोळे चमकत होते. "आणखी आहे एखादा? नीट आठवून बघा."

डेल्फीला आठवेना. पण डोळ्यांपुढे एक चिखल आला. तळ्याकाठी मार्चअखेर उन्हं पडली की वरून पापुद्रा धरतो. वाटतं, वाळलं. पाय ठेवावा तर पापुद्रा तडकतो आणि खाली सगळं पातळ. त्याला आई काय म्हणायची? काहीच आठवेना. पोरगा पेन्सिल उचलून वाट बघत होता. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "क्रिसलप."

"क्रिसलप?"

"क्रिस्," ती म्हणाली, "तो वरचा पापुद्रा. आणि लप् म्हणजे पाय आत."

ऑर्मरॉडने पेन्सिल खाली ठेवली आणि तो शब्द चार वेळा स्वतःशीच म्हटला. "किती सुंदर," तो हळूच म्हणाला. मग त्याने तो वहीत लिहिला आणि संध्याकाळच्या बसने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डेल्फीचं कामात लक्ष लागेना. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि हे खोटं तर वहीत गेलं होतं. पण पस्तावण्याबरोबरच एक कुतूहलही डोक्यात शिरलं. त्या चिखलाला खरंच शब्द नसेल? अठरा शब्द करणारी माणसं नेमका हाच कशी विसरली?

ती विचारत सुटली. कपडे पोचवायला जाईल तिथे विचारी. गवळी म्हणाला, "त्याला काय म्हणायचं? पाय ठेवायचा नाही, झालं." शिकाररक्षक डोकं खाजवत राहिला. जॉर्ज विकन्सच्या बायकोने पाऊण तास विचार केला आणि चहा पाजला. शेवटी डेल्फी एमसकडे गेली. तो कोबीच्या वाफ्यात वाकला होता.

"एमस, चर उपसून काढलेला गाळ चार दिवस उन्हात राहिला की वर साय धरते बघ. त्याला तुम्ही सडकवाले काय म्हणायचात?"

"का? तुझ्या त्या साहेबाने पत्र पाठवलंय?"

"मी त्याला 'क्रिसलप' सांगितलं."

एमस सावकाश उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. "क्रिसलप," तो म्हणाला. एका दाताने त्याचं पार 'क्रिफ्लप' होत होतं. "हां," म्हणाला, आणि पुन्हा कोबीत वाकला. त्या 'हां'चा अर्थ डेल्फीला लागला नाही.

इतक्या जणांना विचारलं, तर शब्द फुटणारच. त्या उन्हाळ्यात गवळी गुरांना हाकताना म्हणू लागला, "तिकडून नको, क्रिसलप आहे." पबमध्ये एकाने दुसऱ्याच्या स्वभावाला तो लावला: वरून कोरडा, आतून ओला. डेल्फीला ऐकून गुदगुल्या व्हायच्या आणि आपलं खोटंही आठवायचं.

दीड वर्षाने ऑर्मरॉडचं पत्र आलं. रूबीने ते पोस्टातून आणलं आणि जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं. विकनहर्स्टचे एकोणीसही शब्द टंकलेखन करून पाठवले होते. शेवटच्या शब्दापुढे चांदणी होती. 'हा शब्द मला साऱ्या देशात दुसरीकडे कुठेही मिळाला नाही,' त्याने लिहिलं होतं. 'हजार वर्षांपूर्वीच्या भाषेशी त्याचं नातं असावं असं मला वाटतं. त्यावर मी अकरा पानांचा लेख लिहिला आहे. पुढच्या महिन्यात आवाज धरून ठेवणारं यंत्र घेऊन येतो. तुमच्या तोंडून तो शब्द कायमचा राहिला पाहिजे.'

डेल्फीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काय झालं?" रूबीने विचारलं.

डेल्फीने सांगून टाकलं. रूबी ऐकत गेली आणि तिचे गाल तापत गेले.

"तू बनवलास? आई! विद्यापीठाच्या माणसाला फसवलंस?"

"फसवलं नाही गं. निसटला."

"मग आता गप्प बस. कुणाला कळणार आहे? सांगितलंस तर तुझी शोभा, आणि मी खिडकीत बसते, माझीही."

"अकरा पानं, रूबी," डेल्फी म्हणाली. "अकरा पानं लिहिली त्याने."

ऑक्टोबरात तो आला. यंत्र एवढं जड होतं की दोघांना उचलून आणावं लागलं. डेल्फीच्या घरात वीज नव्हती, म्हणून पबच्या मालकाने दुपारी पब बंद असतो त्या वेळात आतली खोली दिली. टेबलावर दोन चकत्या गोल गोल फिरू लागल्या. डेल्फीने रविवारची टोपी घातली होती. एमस आमंत्रण नसताना कोपऱ्यात येऊन बसला होता.

ती एकेक शब्द म्हणत गेली. स्टोच. पग. गॉम. क्लॉजी. आवाज खणखणीत होता. अठरावा झाला आणि ऑर्मरॉडने मान हलवून खूण केली. चकत्या फिरत राहिल्या.

"एकोणिसावा," तो कुजबुजला.

"एकोणिसावा नाही," डेल्फी म्हणाली. "तो मी केला, साहेब. तिथल्या तिथे. तुम्ही इतके खूश होत होतात, मला थांबवेना. अठराच आहेत. चुकलं माझं."

ऑर्मरॉडने यंत्र बंद केलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा चेहरा शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा झाला. मग तो म्हणाला, "माहीत नाही, असं म्हणाला असतात तरी चाललं असतं, मिसेस टेस्टर. मी तेही लिहून घेतो. रिकामी जागा म्हणून."

"ते मला माहीत नव्हतं हो."

"मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत बसला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "कोण म्हणतं हिने केला?"

दोघांनी वळून पाहिलं.

"माझा बाप म्हणायचा," एमस म्हणाला. "क्रिसलप. चर उपसून झाला की ओरडायचा, 'एमस, त्या क्रिसलपवर चढू नकोस!' मी चढायचोच. मार खायचो."

"खोटारड्या!" डेल्फी उठून उभी राहिली. "गेल्या वर्षी कोबीच्या वाफ्यात मी तुला सांगितला!"

"तू सांगितलास, आणि मी 'हां' म्हणालो. हां म्हणजे काय? आठवलं, म्हणून हां."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू विचारून थांबली नाहीस. तू सांगितलंस. तुझी नेहमीची खोड."

ऑर्मरॉडने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि एमसकडे पुढे वाकून पाहिलं. "मिस्टर होड, शपथेवर सांगाल?"

"कशाची शपथ घालता? दात एक उरलाय, त्याची घेतो."

"तुमचे वडील कधी वारले?"

"१९०२ साली."

"आणि ते कुठे काम करायचे?"

"कुठे म्हणजे? याच सडकेवर. हिच्या आईच्या दारावरूनच गाडी जायची. ही बया पोरवयात गाडीमागे धावायची, चिखलाचे गोळे फेकत."

डेल्फी खाली बसली. गाडी तिला आठवत होती. थोरला होड, त्याची भगभगीत लाल दाढी, गाडीच्या चाकाची कुरकूर, सगळं आठवत होतं. तो काहीतरी ओरडायचा हेही आठवत होतं. काय ओरडायचा ते मात्र काही केल्या आठवेना. तिने डोळे मिटून खूप ऐकायचा प्रयत्न केला. एमस आपल्याला वाचवायला खोटं बोलतोय, की खरं? त्याच्या तोंडाकडे पाहून काही कळण्याजोगं नव्हतं. ते तोंड पन्नास वर्षं थट्टाच करत आलेलं. आणि आपण तरी त्या दुपारी शब्द बनवला, की कुठूनसा उचलला? बनवताना माणसाला कळतं का, की आपण बनवतोय?

"मला सांगता येत नाही, साहेब," ती शेवटी म्हणाली. "मघाशी अगदी खात्री होती. आता नाही."

ऑर्मरॉडने यंत्र पुन्हा चालू केलं. "हे सगळं पुन्हा सांगा," तो म्हणाला. "दोघांनीही. भांडणासकट."

पुढे त्याने आपला लेख मागे घेतला आणि त्याजागी दीड पानाचं टिपण छापलं. त्यात दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी दिलं आणि निकाल दिला नाही. एक प्रत त्याने डेल्फीला पाठवली. रूबीने ती वाचून दाखवली आणि म्हणाली, "एवढं करून मिळवलंत काय? चिखल तो चिखलच." रूबी शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. डेल्फीने एमसला खोदून खोदून विचारलं: चर्चच्या पायरीवर, भाजीच्या वाफ्यात, त्याच्या आजारपणात बिछान्यापाशीही. तो दरवेळी तीच शपथ घ्यायचा आणि दरवेळी हसायचा.

ऑर्मरॉडची पत्रं मात्र थांबली नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एखादं कार्ड यायचं, त्यावर एक प्रश्न. कुंपणातून ससा येऊन-जाऊन जे भोक पडतं त्याला काय म्हणता? 'स्म्यूस', तिने रूबीकडून लिहवून घेतलं. कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाला काय म्हणता? ती चार दिवस गावभर फिरली, सात जणांना विचारलं, आणि कळवलं: 'काही नाही. मीही केला नाही.' उलट टपाली त्याने लिहिलं की त्याच्या वहीत ही सगळ्यात खात्रीची रिकामी जागा आहे. डेल्फीने ते कार्ड शेकोटीवरच्या फळीवर ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

१९५८च्या फेब्रुवारीत एक कार्ड आलं. खोल चिखलातून बूट उपटताना जो आवाज होतो, त्याला विकनहर्स्टमध्ये काय म्हणतात?

डेल्फी कार्ड घेऊन एमसकडे गेली. दोघं काठ्या टेकत ओकखालच्या स्लबपाशी गेली. एमसने डावा पाय घातला आणि उपटला. मग उजवा. मग डेल्फीने. आवाज दरवेळी निराळा यायचा. कधी चुंबनासारखा, कधी बाटलीचं बूच निघाल्यासारखा, एकदा तर थेट पाद्रीबाबांच्या शिंकेसारखा. शेवटी एमसचा बूट आतच राहिला आणि तो एका पायावर उभा राहून शिव्या देऊ लागला. त्या शिव्याही लिहून पाठवण्याजोग्या होत्या. डेल्फी हसता हसता कुंपणावर टेकली. गवळ्याने येऊन एमसला आणि बुटाला बाहेर काढलं.

संध्याकाळी तिने रूबीला पेन घ्यायला सांगितलं.

"काय लिहू?"

"लिही, शब्द नाही. आवाज पुष्कळ आहेत. ऐकायचे असतील तर पाऊस आहे तोवर या."

तो ईस्टरला आला, नव्या बायकोला घेऊन. डेल्फीने दोघांना गवळ्याकडून उसने बूट आणून दिले.